खंडेनवमीची शिट्टी

शाळेच्या मैदानावर मी पंचवीस वर्षं शिट्टी वाजवली, पण एका शिट्टीची गोष्ट मला अजून सरळ सांगता आलेली नाही. सांगायला बसलो की दर वेळी मी माझी बाजू थोडी उजळून घेतो, असं बायको म्हणते. तिनं ही हकिगत इतक्यांदा ऐकली आहे, की कुठल्या वाक्याआधी मी घसा खाकरणार हेही तिला पाठ आहे. या वेळी लिहूनच काढतो. लिहिताना घसा खाकरता येत नाही, एवढा तरी फायदा.

मी मूळचा वडगाव रासाईचा. शिरूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. आमच्याकडे क्रीडाशिक्षक म्हणजे कबड्डी, खो-खो आणि प्रजासत्ताकदिनाची कवायत. मला मात्र कॉलेजात असताना फुटबॉलचं वेड लागलं होतं आणि ते मी शिरूरच्या पोरांना लावू पाहत होतो. मुख्याध्यापकांच्या लेखी ही एक निरुपद्रवी खोड होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला संस्थेनं माझी बदली दौंडच्या शाळेत केली तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं उतरली, मी एकटाच खूष. दौंड रेल्वेचं गाव. तिथल्या रेल्वे कॉलनीत आजोबा, बाप आणि नातू अशा तिन्ही पिढ्यांनी फुटबॉल खेळलेला. तिथं फुटबॉल शिकवणाऱ्याला कुणी वाया गेलेला समजत नव्हतं.

कॉलनीच्या मैदानावर एक जुना क्लब होता. त्याचा कोच म्हणजे रेल्वेतले एक गार्ड. ख्रिश्चन गृहस्थ, पांढरी पँट, पायात कायम पॉलिश केलेले बूट, आणि सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं. ते निवृत्त होऊन मुलीकडे जबलपूरला जाणार होते. क्लब कुणाच्या तरी हाती देऊन जायचा म्हणून त्यांनी दोन महिने माझ्या शाळेचा सराव कुंपणाबाहेरून पाहिला आणि एक दिवस आत येऊन मला विचारलं. मी नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणाला आवडत नाही?

संघाबरोबर साहेबांची दोन माणसंही माझ्याकडे आली. एक आप्पा. हे मैदान राखायचे, पाणी मारायचे, फक्की टाकून रेघा आखायचे. आप्पांना हलवायचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नसता. दुसरे मामा. गोष्ट त्यांची आहे.

मामा रेल्वेच्या कॅरेज खात्यात फिटर होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन रुळाच्या कडेनं चालत जायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचे. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर बद्द वाजतं. तीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं. ड्यूटी संपली की सायकलवरून मैदानावर यायचे आणि कीपर तयार करायचे. त्यांची पद्धत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. ते कीपरला गोलात पाठमोरा उभा करायचे. समोरून कुणीतरी बॉल मारायचा, पाठोपाठ मामा शिट्टी फुंकायचे, आणि कीपरनं वळून बॉल अडवायचा. वळायच्या आधी बॉल कुठल्या पायानं मारलाय, पंजानं की आतल्या बाजूनं, हे त्यानं आवाजावरून ओळखायचं. पहिले दोन महिने पोरं नुसती तोंडावर बॉल खायची. त्यानंतर मात्र अडवायला लागायची, आणि अशी अडवायची की समोरचा डोक्याला हात लावायचा.

बॉलच्या आवाजावरून मामांना आणखीही बरंच कळायचं. कुणाचा घोटा दुखतोय, कोण घरून न जेवता आलाय, कुणाच्या बुटाचा तळ सुटत आलाय. कुणी चेष्टेनं म्हणायचं की मामा, आमच्या लग्नाचंपण सांगा आवाजावरून. मामा म्हणायचे, तुझा आवाज बद्द येतोय, तुला कोण देतंय पोरगी.

साहेबांची गाडी सुटायच्या आधी मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो होतो. खिडकीतून त्यांनी मला एवढंच सांगितलं, की नवा कोच आपली माणसं आणतो, तो त्याचा हक्क आहे, पण मामांना तुम्ही एक वर्ष ऐका आणि मगच काय ते ठरवा. मी मान डोलावली. गाडी सुटत असताना मान डोलावणं सोपं असतं.

इथं मला माझ्या मित्राविषयी सांगायला हवं. आम्ही कॉलेजात एकत्र खेळलेलो. तो शिक्रापूरला भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात नोकरी करायचा, आणि दोन वेळा रजा टाकून फुटबॉलच्या प्रशिक्षणाचे कोर्स करून आला होता. त्याच्याकडे प्रमाणपत्रं होती, आकृत्या काढलेली जाडजूड फाईल होती, नारिंगी कोन होते. साप्ताहिक सुट्टीला तो एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला यायचा आणि मला सराव घ्यायला मदत करायचा. माणूस सरळ होता. आजही माझा मित्र आहे आणि या गोष्टीत त्याचा काडीचाही दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

दोन महिन्यांत त्यानं मला स्पष्ट सांगितलं. मामा चांगले आहेत, पण ते कीपरला रेघेवर थांब म्हणतात आणि मी पुढं ये म्हणतो. पोरगं मधल्या मध्ये लोंबकळतंय. एक तर त्यांना ठेव, एक तर मला ठेव. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. क्लबच्या अध्यक्षांनीही मला सांगितलं होतं की तुमची माणसं तुम्ही निवडा, फक्त दसऱ्याच्या आत कळवा. मी काहीच कळवलं नव्हतं. मामांना समोर बसवून 'तुम्ही नको' म्हणायची छाती मला नव्हती, आणि मित्राला 'तू नको' म्हणायची इच्छा नव्हती. असा मी घोंगडं भिजत घालून बसलो होतो.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, जी मी बायकोला बऱ्याच वर्षांनी सांगितली. भादव्यात एक सामना होता. सुरू होण्याआधी मी स्वतः बॉलमध्ये हवा भरून, दाबून, पसंत करून रेफ्रीकडे दिला. मामांनी तो एकदा जमिनीवर आपटला आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, सर, हवा कमी हाय. मी म्हटलं, बरोबर आहे. ते पुन्हा म्हणाले, कमी हाय. रेफ्रीनं मापून पाहिलं तर खरंच कमी. पोरं हसली. मामा हसले नाहीत, त्यांनी पंप आणून गुपचूप हवा भरली. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. तो सामना आम्ही जिंकलो, पण घरी येईपर्यंत माझ्या कानात पोरांचं हसणंच होतं. मास्तर माणसाला विद्यार्थ्यांसमोरची चूक फार लागते.

मग खंडेनवमी आली.

दौंडच्या शेडमध्ये, यार्डात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तीच चाल क्लबातही पडलेली होती. दुपारी चारला मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली, आप्पा पाट मांडायचे. त्यावर बॉल, पंप, कोपऱ्याचे झेंडे, कीपरचे हातमोजे. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. पूजा आप्पा करायचे, कारण साहेब ख्रिश्चन. साहेब टोपी काढून शेजारी उभे राहायचे. पूजा झाली की कोचनं एकेक वस्तू उचलून ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. बॉल कॅप्टनला, पंप आप्पांना, हातमोजे कीपरला. आणि शिट्टी मामांना. मामा बौद्ध. ते पूजेला हात जोडत नसत, पण येत मात्र दर वर्षी, आणि मागं हात बांधून शांत उभे राहत. म्हणून साहेबांनी एक पद्धत पाडली होती. शिट्टी पाटावर ठेवायचीच नाही. बाजूला बादली उपडी घालून तिच्यावर स्वच्छ टॉवेल घडी करून ठेवायचा, आणि त्याच्यावर शिट्टी. तिला कुंकू नाही, फूल नाही. शेवटी साहेब ती उचलून मामांना द्यायचे. या दोघांना पाटावरचं काही आपलं म्हणता येत नव्हतं आणि ते दोघं मिळून हे दर वर्षी करत आले होते. मला यातलं निम्मं नंतर कळलं. निम्मं त्याच दिवशी दिसत होतं.

त्या दिवशी मित्रही आला होता. कारखान्यात यंत्रांची पूजा उरकून दुपारी सुट्टी झाली, म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन तो थेट मैदानावर आला. पोरं इस्त्रीचे कपडे घालून आली होती. आप्पांनी पाट मांडला, आणि बादली उपडी घालून तिच्यावर टॉवेल आणि शिट्टी ठेवली. माझा स्वभाव असा, की शंभर पोरं रांगेत उभी असतील तर मला वाकडा उभा राहिलेला एकच दिसतो. मी म्हटलं, ही एक वस्तू बाहेर कशाला? आप्पा पुटपुटले, "ती मामांची. ती येगळी असती." मी म्हटलं, आज सगळं एकत्र असू दे, आणि शिट्टी उचलून मीच पाटावर बॉलांच्या मधे ठेवली. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. कोचला बोलणार कोण?

पूजा झाली. आप्पांनी चिमटीनं हळदकुंकू वाहिलं, ते बॉलांवर पडलं तसं शिट्टीवरही पडलं. आरती झाली, नारळ फुटला. मी वस्तू द्यायला लागलो. कॅप्टनला बॉल, आप्पांना पंप, पोरांना झेंडे, कीपरला हातमोजे. शेवटी शिट्टी राहिली. मी ती उचलली तेव्हा अंगठ्याला लाल लागलं.

यापुढचं मी नेहमी असं सांगत आलो: माझ्या मनात आलं की मामा बौद्ध माणूस. उद्या दसरा, म्हणजे त्यांचा धम्मचक्राचा दिवस, ते पांढरे कपडे घालून विहारात जाणार. ते इथं हातसुद्धा जोडत नाहीत, त्यांना कुंकवानं माखलेली वस्तू कशी द्यायची? त्यांना अवघड होईल. घेतली तर पंचाईत, न घेतली तर चारचौघांत वाईट दिसेल. शेजारी मित्र उभा होता, पाहुणा, हातात पेढे. आमच्या गावाकडे अशा वेळी पाहुण्याला मान देतात. मी शिट्टी त्याच्या हातात दिली.

मित्राला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं कुंकू रुमालाला पुसून शिट्टी जोरात फुंकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण पावसाची सर येता येता थांबावी तशा त्या थांबल्या. मामा जागेवरच होते. पेढा त्यांच्यापर्यंत गेला, त्यांनी घेतला, खाल्ला, नळावर हात धुतले. सायकलचं स्टँड काढताना त्यांनी मला विचारलं, "येऊ का सर?" मी म्हटलं, हो, या ना मामा. आणि ते गेले.

पोरं पांगल्यावर आप्पा पाट धुवायला बसले. धुता धुता म्हणाले, म्हंजी मामांचं संपलं तर. मी विचारलं, काय संपलं? तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या क्लबात कुणाला कधी कागद दिला जात नव्हता. खंडेनवमीला कोचच्या हातून ज्याला जी वस्तू मिळाली, ते त्याचं वर्षभराचं काम. ज्याला मिळाली नाही त्यानं समजून घ्यायचं.

"अहो आप्पा, मला काय माहीत," मी म्हणालो.

"मग आता जाऊन सांगा की," आप्पा म्हणाले. "घर काय लांब न्हाई. सायकलनं धा मिंटं."

मी म्हणालो, उद्या जातो. उद्या दसरा होता. त्यांच्याकडे कार्यक्रम असणार, पाहुणेरावळे असणार, त्यात आपण कशाला कडमडायचं, म्हणून परवावर टाकलं. परवा शाळा होती. तेरवा मित्राचा शिक्रापूरहून फोन आला. त्याला शिट्टी मिळण्याचा अर्थ पोरांकडून कळला होता आणि तो हरखून गेला होता. म्हणाला, तू मला आधी सांगितलं असतंस तर मी तयारीनं आलो असतो रे. मी फोनवर 'ते चुकून झालं' असं म्हणणार होतो. म्हणालो, आता तयारी कर.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं होतं. दोन महिने जे तोंडानं होत नव्हतं ते माझ्या हातून आपोआप झालं होतं, आणि वर चूक म्हणून खपण्यासारखं होतं. अध्यक्षांना मी कळवलं की माणूस बदलला आहे. मामांकडे गेलो नाही.

मित्रानं काम चोख केलं. कोन मांडले, आकृत्या काढल्या, कीपर पुढं यायला लागला. नव्याची नवलाई म्हणा, पण पोरं खूष होती. पाठमोरं उभं राहणं बंद झालं. मी मैदानावर उभा असलो की मधूनच यार्डाकडून हातोड्याचे ठोके ऐकू यायचे, एका चालीत, एकामागून एक. आधी ते मला कधी ऐकू आले नव्हते. आता आले की मी पोरांवर ओरडायला लागायचो.

माघाच्या सुमाराला आमचा एक बचावपटू बारीक लंगडत होता. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही सर, मुरगळलाय. मित्रानं बर्फ लावला, पट्टी बांधली. दोन दिवसांनी पोराचा बाप शाळेत आला, एक्स-रे घेऊन. हाडाला बारीक चीर होती. अजून एक सामना खेळला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. मी म्हटलं, बरं झालं तुम्ही वेळेवर नेलंत. बाप म्हणाला, मी कुठला नेतोय, मामा घरी येऊन सांगून गेले. ड्यूटीवरून जाताना ते मैदानाच्या भिंतीपलीकडे सायकल धरून थांबले होते, पोरानं बॉल मारलेला त्यांनी ऐकला होता. माझ्याकडे येऊन सांगितलं नाही. ते काम आता त्यांचं नव्हतं. म्हणून पोराच्या घरी गेले.

त्या दिवशी मी खरंच निघालो होतो. सायकल काढून नगरपालिकेच्या चौकापर्यंत गेलो. तिथं वाटलं, काय म्हणून जायचं? आभार मानायला? की माफी मागायला? आधी फक्त आळस होता आणि सोय होती, आता त्यात लाज मिसळली होती. चौकात मी पावशेर वांगी घेतली आणि परत फिरलो.

उन्हाळ्यात कारखान्यानं मित्राला रात्रपाळीला टाकलं आणि त्याचं येणं बंद झालं. जाताना त्यानं शिट्टी माझ्या हातात दिली. आप्पा म्हणाले, आता तरी मामांना बोलवा. मला ते त्याहून अवघड वाटलं. गरज होती तेव्हा दुसऱ्याला दिली, आणि तो गेला म्हणून आता मी आठवलो का, असं ते म्हणाले तर? मामा असं कधीच म्हणाले नसते. पण चोराच्या मनात चांदणं. मी कीपरही स्वतःच सांभाळायला लागलो, म्हणजे कुणीच सांभाळेनासं झालं. पाठमोरा उभा राहून बॉल अडवणारा शेवटचा पोरगा बारावीनंतर पोलीस भरतीत गेला, आणि ती विद्या दौंडच्या मैदानावरून गेली.

मी तो क्लब चार वर्षं चालवला. मग नवा कोच आला. त्यानं त्याची माणसं आणली, त्याचा हक्कच होता. मला रीतसर निरोप दिला. शाल, नारळ, भाषणं. अध्यक्ष बोलत होते आणि मी मनात म्हणत होतो, मामांना एक पेढा मिळाला होता.

पुढं माझी बदली परत शिरूरला झाली. पाच-सहा वर्षं गेली. एकदा दौंडहून आप्पांचा निरोप आला की मामा निवृत्त झाले आणि त्यांचं ऐकणं गेलं. चाळीसेक वर्षं यार्डातला आवाज, कान कुठवर टिकणार. हे ऐकल्यावर मला राहवेना. शिट्टी माझ्या कपाटात होती. ती खिशात टाकून मी न्हावऱ्याची एसटी पकडली.

मामांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्टेशनच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या, दारात तुकड्यातुकड्यांची फरशी. मामी दळण निवडत होत्या. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं. मामा आत होते, त्यांना हात लावून उठवावं लागलं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. "सर. बसा बसा. च्या ठेव गं."

चहा होईपर्यंत मामींनी मला हळू आवाजात सांगितलं. मामांना ऐकू जाणार नव्हतंच. "त्या खंडेनवमीनंतर आठ दिस ह्यांनी वाट बघितली बघा. रोज ड्यूटीवरनं आलं की इचारायचं, सर आल्ते का. म्हणायचं, नवं हायत, त्यांना ठाव नसंल, येत्याल. नवव्या दिशी इचारलं न्हाई."

 मी मामांकडे वळलो आणि माफी मागायला लागलो, पण त्यांना ऐकू जाईना. त्यांनी कानाला हात लावून जवळ यायची खूण केली. मी आवाज चढवला. मग आणखी चढवला. शेवटी मैदानावर ओरडतो तसा मी ओरडत होतो, की मामा, माझं चुकलं, शिट्टीला कुंकू लागलं होतं, तुम्हाला अवघड होईल म्हणून दिली नाही. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, दोन म्हातारे ओट्यावरून बघायला लागले. दहा वर्षं जी गोष्ट मला हळूसुद्धा बोलता आली नव्हती, ती सगळ्या आळीनं ऐकली.

मी खिशातून शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. मामांनी ती घेतली. उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर आता काही नव्हतं, नुसतं जुनं पितळ. त्यांनी सदऱ्याचं टोक धरलं, शिट्टीवरून एकदा फिरवलं, आणि मला परत दिली.

"एवढाच येळ लागला असता," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. बहिऱ्या माणसाचा असतो तसा थोडा मोठा, सपाट आवाज. मामींनी चहा आणून ठेवला. मी बशीत ओतला आणि तसाच धरून बसलो. मामा त्यांचा चहा पिऊन झाल्यावर म्हणाले,

"कुंकवाचं मला काय वाटलं न्हाई, सर. तुम्ही शिट्टी उचलली आन् माझ्याकडं बघितलं. तवा मी हात म्होरं केला व्हता."

बायकोला मी इतकी वर्षं सांगत आलो की मामा नेहमीसारखे मागं हात बांधून उभे होते. आत्ताही वर तसंच सुचेल अशा बेतानं मी लिहून गेलो आहे, खोडणार होतो, पण राहू दे. ते मागं हात बांधून उभे होते, हे पूजेपुरतं खरं आहे. मी शिट्टी उचलली तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला होता, तळवा वर, बोटं थोडी मिटलेली. रुळाच्या कडेनं चालून चालून काळवंडलेला तो हात त्यांनी त्या दिवशी साबणानं घासून आणला होता, नखंसुद्धा स्वच्छ होती. एवढं सगळं मला दिसलं होतं. मला भादव्यातलं पोरांचं हसणं आठवलं, आणि मी मित्राकडे वळलो.

शिट्टी अजून माझ्याकडेच आहे. मामांनी घेतली नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा मला अधिकार नाही.